एक एम कमी पडला: बोर्डावरच्या डबल अक्षरांचं जुनं दुखणं

बारा फुटी फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून अण्णा दुकानात शिरले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. नवा फ्लेक्स परत आणायला कुणी हौसेने येत नाही. समुद्राजवळ अण्णांचं चार खोल्यांचं घर आहे, त्या वर्षी मे महिन्याच्या तोंडावर त्यांनी ते पाहुण्यांसाठी उघडलं होतं. फ्लेक्सवर नारळाची झाडं, खाली मोबाइल नंबर आणि मधोमध हातभर उंचीच्या लाल इंग्रजी अक्षरांत ‘फॅमिली अ‍ॅकोमोडेशन’.

‘‘पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सामान उतरवायच्या आधीच म्हणाल्या, यात एक एम कमी आहे.’’

खरंच कमी होता. अण्णांनी दिलेल्या चिठ्ठीवरही तो कमीच होता, पण ते बोलून काय फायदा? चिठ्ठी घरात राहते, बोर्ड रस्त्यावर लागतो आणि छापणारी मी.

माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मेनूकार्ड, वाढदिवसाचे बॅनर, सोसायट्यांचे नामफलक असं सगळं येतं. इतक्या वर्षांत परत आलेल्या कामांची मी एक वही ठेवली आहे. ती चाळली की लक्षात येतं, मराठी मजकुरातल्या चुका निम्म्या वेळा खपून जातात, इंग्रजीतल्या मात्र हटकून कुणीतरी दाखवतं आणि त्या बहुतेक एकाच जातीच्या असतात: जिथे डबल अक्षर हवं तिथे सिंगल, नाहीतर उलट. हीच चूक सगळ्यांत महागही पडते. ‘ई’च्या जागी ‘आय’ पडला असेल तर त्याच रंगाच्या व्हिनाइलचा तुकडा कापून वर डकवता येतो, लांबून कळतही नाही. पण जे अक्षर राहूनच गेलं ते डकवायला जागाच नसते, दोन अक्षरांच्या मधे बोट शिरत नाही. आणि जे जास्तीचं पडलं ते झाकलं की शब्दाचा दात पडल्यासारखा दिसतो. म्हणजे पुन्हा छपाई.

तर हे दुखणं पुन्हा पुन्हा का उद्भवतं आणि मी त्यावर काय करते ते लिहिते. स्पेलिंग फोनवर गिऱ्हाईक सांगतं तसंच लिहिणार आहे. अण्णांचा शब्द असा: ए, डबल सी, ओ, डबल एम, ओ, डी, ए, टी, आय, ओ, एन.

आधी मशिनचं बघू

‘कॉम्प्युटरने लाल रेघ का नाही दाखवली?’ हा पहिला प्रश्न. याची साधी कारणं आहेत आणि ती दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरतात.

वर्डमध्ये सगळा शब्द कॅपिटलमध्ये असेल तर तो तपासायचा नाही, अशी सेटिंग मुळातच चालू असते. आता बोर्डावरचा मजकूर कॅपिटलशिवाय दुसरा असतो का! म्हणजे नेमका जो मजकूर दहा फुटांवर जाणार तोच तपासला जात नाही. फाइलमध्ये ऑप्शन्स, त्यात प्रूफिंग, आणि तिथे ‘इग्नोअर वर्ड्स इन अपरकेस’ची टिकमार्क काढून टाका. मी तर मजकूर आधी लहान लिपीत टाइप करते, तपासते आणि मगच कॅपिटल करते.

कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. प्रिंटिंगला पाठवताना फाँट बदलू नये म्हणून आपण अक्षरांचे कर्व्ह करतो. कर्व्ह केल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं, आणि चित्राचं स्पेलिंग कुणी तपासत नाही. तपासणी कर्व्हच्या आधी.

आणखी एक घरचाच भेदी असतो. लाल रेघ डोळ्यांना खुपते म्हणून कुणीतरी कधीतरी राइट क्लिक करून ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ केलेलं असतं. आमच्याकडच्या मुलाने गिऱ्हाइकांची आडनावं घालता घालता ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ हा शब्द एकाच एनने त्या यादीत घालून ठेवला होता. त्यानंतर कितीही जोडप्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होवोत, मशिनला सगळं बरोबरच वाटत होतं. प्रूफिंगमध्येच कस्टम डिक्शनरी उघडा आणि आतला कचरा काढा.

हे सगळं करूनही एक प्रकार सुटतोच: चुकीचं स्पेलिंगही खरा शब्द असतो तेव्हा. हॉटेलवाल्यांचा लाडका ‘डायनिंग हॉल’ घ्या. त्याला मधे एकच एन: डी, आय, एन, आय, एन, जी. दोन एन घातले तर शब्द होतो ‘डिनिंग’, म्हणजे कानाशी कलकलाट करत राहणं. फॅमिली डिनिंग हॉल! (काही ठिकाणी वर्णन चुकीचं म्हणता येणार नाही.) एका बिल्डरच्या जाहिरातीत ‘वेल प्लॅन्ड फ्लॅट्स’ला एकच एन पडला होता, त्याचा अर्थ छान रंधा मारलेले फ्लॅट. मेनूकार्डावर ‘डेझर्ट’ला एकच एस दिला की गुलाबजामच्या वर वाळवंट लिहिलं जातं. नाटकाच्या बोर्डावर ‘स्टारिंग’ला दोन आर हवेत, एक ठेवला तर नट प्रेक्षकांकडे टक लावून बघत बसतो. असे शब्द स्पेलचेक हमखास सोडून देतो. तिथे आपलंच डोकं लागतं.

कान का फसवतो

मला फार उशिरा उमगलं की आपल्याला हे जड जातं ते इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. आपला कान पक्का आहे म्हणून.

मराठीत डबल अक्षर ऐकू येतं. ‘दिली’ आणि ‘दिल्ली’ यांत लहान मूलही गफलत करत नाही. ऐकू आलं की लिहायचं, न आलं की नाही. ‘सुटी’ की ‘सुट्टी’ असा वाद घालणारेसुद्धा शेवटी ‘आम्ही असं बोलतो’ एवढंच म्हणतात. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीकडे जातो आणि तिथे डबल अक्षर मुळी उच्चारतच नाहीत. ‘समर’मध्ये दोन एम आहेत, ऐकू येतो एक. ‘कॉफी’त दोन एफ, ‘अ‍ॅड्रेस’मध्ये दोन डी आणि शेवटी दोन एस. ते डबल अक्षर आवाजासाठी नसतंच. एक तर ते दोन तुकडे जोडलेला सांधा दाखवतं, नाहीतर आधीच्या स्वराला बांध घालतं. म्हणून ‘कसं ऐकू येतं?’ असं कानाला विचारणं बंद केलं तेव्हा माझी वही भरायची थांबली.

कान उपयोगी पडतो अशा दोन जागा मात्र आहेत, त्या आधी सांगून टाकते. डबल सीच्या पुढे ई किंवा आय आला की बहुतेक वेळा ‘क्स’ ऐकू येतं: अ‍ॅक्सिडेंट, सक्सेस, अ‍ॅक्सेप्ट, व्हॅक्सिन. २०२१ साली लसीकरण केंद्रांचे बॅनर रात्र रात्र छापले, तेव्हा एक सी खाल्लेले मजकूर कितीतरी यायचे. ‘क्स’ ऐकू आलं ना, मग एक सी ‘क’चा आणि दुसरा ‘स’चा. दुसरी जागा म्हणजे शाळांच्या भिंतीवरचं ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’. व्हिजनला एक एस, मिशनला दोन. ‘श’सारखा आवाज दोन एसचा, तो घोगरा ‘झ’सारखा आवाज एका एसचा. आता पत्रिकेतलं ‘ऑन द ऑस्पिशस ऑकेजन’ म्हणून बघा. ऑकेजनचा शेवट व्हिजनसारखा आहे, मिशनसारखा नाही. म्हणून सी दोन, एस एक: ओ, डबल सी, ए, एस, आय, ओ, एन. या एका शब्दाने पत्रिकांचे किती गठ्ठे रद्दीत घातले असतील!

सज्जनाचा नियम

शाळेत व्यंजनसंधी घोकली होती. सत् अधिक जन, सज्जन. उत् अधिक लेख, उल्लेख. तत् अधिक लीन, तल्लीन. पुढच्या अक्षराने मागच्या त्-ला आपल्यासारखं करून घेतलं की डबल अक्षर तयार. तेव्हा वाटायचं, याचा पुढे काय उपयोग? तर बोर्ड छापायला.

लॅटिनमध्ये हुबेहूब हेच होतं आणि इंग्रजीतल्या निम्म्याअधिक त्रासदायक शब्दांचं मूळ लॅटिन आहे. त्यांच्याकडे ‘अ‍ॅड’ नावाचा उपसर्ग आहे. त्याच्यापुढे सी आला की डीचा सी होतो, पी आला की पी, एस आला की एस. अकाउंट, अ‍ॅपॉइंटमेंट, असेसमेंट, अटेंड, अराइव्ह, अ‍ॅग्रेसिव्ह, सगळे याच घरातले, आणि सगळ्यांच्या सुरुवातीला डबल. ‘कॉन’चं तेच: कलेक्टर, कॉलेज, करेक्ट, कमिटी. ‘इन’चं: इल्लीगल, इमिजिएट, इर्रेग्युलर. ‘ऑब’चं: ऑपोझिट, ऑकेजन, ऑकर. ‘सब’चं: सपोर्ट, सप्लाय, सक्सेस. सज्जन आणि उल्लेख ज्याला लिहिता येतात त्याला हे शब्द अवघड जायला नकोत, फक्त सांधा कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

अण्णांचा शब्द आता सोडवू. अ‍ॅड, कॉम आणि मोड असे तीन तुकडे. अ‍ॅडचा डी पुढच्या सीला शरण गेला म्हणून डबल सी. कॉमचा एम आणि मोडचा एम शेजारी आले म्हणून डबल एम. दोन सांधे, दोन जोड्या. ‘रेकमेंड’ला मात्र आर, ई आणि पुढे ‘कमेंड’. ‘री’ला शरण जाण्यासारखं काही नाही, म्हणून सी एकच, एम दोन. लोक अ‍ॅकोमोडेशनमधली सगळी काटकसर रेकमेंडमध्ये भरून काढतात आणि तिथे दोन सी घालतात.

‘डिसअपॉइंट’ आणि ‘डिसअपिअर’ यांत दोन एस घालणारे खूप. तुकडे करा: डिस आणि अपॉइंट. एस एक, पी दोन. पण ‘डिससॅटिसफाइड’मध्ये दोन्ही तुकड्यांचा एस आहे, म्हणून दोन. ‘मिसस्पेल’चंही तसंच, आणि हा शब्द चुकवण्यात एक वेगळीच मजा आहे. ‘इनॉगरेशन’ची पाटी दर पंधरा दिवसांनी एक तरी येते, तीही दोन एन घेऊन. ‘इन’च्या पुढे तिथे स्वर आहे, जोडी जमवायला दुसरा एन आणायचा कुठून? एक एन. उलट ‘इनोव्हेशन’ला दोन, कारण पुढचा तुकडा नवेपणाचा, एननेच सुरू होणारा.

वर्षाला लॅटिनमध्ये ‘अ‍ॅनस’ म्हणतात, दोन एनने. शाळेचं ‘अ‍ॅन्युअल गॅदरिंग’ आणि घरची ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ दोघी त्याच्या लेकी, म्हणून दोघींना दोन एन. ‘मिलेनियम’ म्हणजे मिले, हजार, आणि अ‍ॅनस, वर्ष: दोन एल, दोन एन.

नियम फसतो तो ‘अपार्टमेंट’ला. दिसायला अपॉइंटमेंटसारखा, म्हणून सोसायटीच्या गेटवर दोन पी रुबाबात उभे असतात. इंग्रजीत तिथे एकच पी. माझ्यापुरती खूण अशी की अपार्टमेंटमध्ये माणूस एकटा राहतो, अपॉइंटमेंटला दोघं लागतात.

चिठ्ठी, किल्ला आणि डिनर

डबल अक्षराचं दुसरं काम म्हणजे बांध घालणं. यालाही आपल्याकडे जोड आहे. मराठी शुद्धलेखनात जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार साधारणपणे ऱ्हस्व असतो: चिठ्ठी, किल्ला, पुठ्ठा, हुद्दा. जोडाक्षर मागच्या स्वराला लांबू देत नाही. इंग्रजीतही एक अक्षर असेल तर मागचा स्वर मोकळा सुटतो, दोन असतील तर तो आखडतो. डायनिंगला एक एन, आय मोकळा, ‘आय’ असाच वाजतो. डिनरला दोन एन, आय आखडला. रायटिंगला एक टी, ‘रिटन’ला दोन. होपिंग म्हणजे आशा करणं, एक पी. हॉपिंग म्हणजे लंगडी घालणं, दोन पी. फायलिंग एक एल, फिलिंग दोन. कार्यालयाच्या दारावर ‘फिलिंग सेक्शन’ छापलं की लोक पेट्रोल मागायला येतील.

एखादा शब्द ‘आयएनजी’ किंवा ‘ईडी’ लागून आला असेल तर मी मूळ शब्दाचा शेवट बघते. शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असेल तर डबल करायचं: शॉपिंग, स्विमिंग, वेडिंग, प्लॅनिंग. आधी दोन स्वर असतील तर नाही: बुकिंग, कुकिंग, क्लीनिंग. शेवटी दोन व्यंजनं असतील तर नाही: पार्किंग. एक्स, डब्ल्यू आणि वाय कधीच डबल होत नाहीत, म्हणून मॅच फिक्सिंग करणाऱ्यांना निदान स्पेलिंगची चिंता नाही. ‘क्विझ’ला एकच झेड, अनेक क्विझ झाल्या तर दोन, क्यूच्या मागचा यू इथे स्वरात धरत नाहीत. आणि पुढचा तुकडा व्यंजनाने सुरू होत असेल तर डबल करायचं कारणच उरत नाही: ‘शिपिंग’ला दोन पी, ‘शिपमेंट’ला एक.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा नियम शेपूट लागलेल्या शब्दांचा आहे. मूळ शब्दांना तो जुमानत नाही. ‘हॅबिट’ला एक बी आणि ‘रॅबिट’ला दोन. का, म्हणून विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही आणि सशाकडेही नसावं. सिटी, कॉपी, लिमिट, रिव्हर यांत स्वर आखूड असूनही अक्षर एकच. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

लिमिटेडला एक, कमिटेडला दोन

यावर मी सगळ्यात जास्त डोकं आपटलं आहे. लिमिट आणि कमिट दोन्हींचा शेवट ‘मिट’. तरी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ला एक टी आणि ‘कमिटेड’ला दोन. व्हिजिटेडला एक, परमिटेडला दोन. ऑफर्डला एक आर, प्रिफर्डला दोन.

कारण आघाताचं आहे. इंग्रजी शब्दात एका भागावर जोर असतो. तो जोर शेवटच्या भागावर असेल तरच शेवटचं व्यंजन डबल होतं. लि-मिटमध्ये जोर ‘लि’वर, क-मिटमध्ये ‘मिट’वर. आपली पंचाईत अशी की मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. आपल्या तोंडी ऑफर आणि रेफर एकाच तालात येतात. त्यामुळे ‘जोर कुठे आहे ते ऐका’ हा सल्ला आपल्याला देऊन फारसा उपयोग नाही. चांगल्या डिक्शनरीत उच्चारापाशी एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते. ती ज्या भागाच्या आधी, त्या भागावर जोर. ती बघायची सवय लावा.

मी मात्र टोळ्या पाठ केल्या. ‘फर’ची टोळी: रेफर, प्रिफर, ट्रान्सफर, डिफर म्हणजे पुढे ढकलणं. ‘कर’ची: ऑकर, इन्कर, रिकर. ‘मिट’ची: अ‍ॅडमिट, परमिट, सबमिट, कमिट, ट्रान्समिट. आणि सुटे गडी: बिगिन, कंट्रोल, इक्विप, फर्गेट, रिग्रेट, अलॉट. एवढे डबल करतात. टार्गेट, बजेट, बेनिफिट, मार्केट, डेव्हलप, डिपॉझिट, व्हिजिट, प्रॉफिट, एडिट यांना सोडून द्या. ‘डेव्हलपर्स’ला दोन पी देऊन इमारत उंच होत नाही.

अलॉटवर थोडी थांबते, कारण घरांच्या सोडतीनंतर हा शब्द दारोदार फिरतो. ‘अलॉटेड’ला दोन एल, दोन टी. ‘अलॉटमेंट लेटर’ला एल दोनच, पण टी एक, कारण ‘मेंट’ व्यंजनाने सुरू होतो. आणि ज्याला घर मिळालं तो ‘अलॉटी’: ए, डबल एल, ओ, डबल टी, डबल ई. २०१६च्या रेरा कायद्यात हा शब्द असाच आहे. माझ्याकडे एका सोसायटीचा फलक आला होता, त्यात तिन्ही शब्द होते आणि तिन्ही चुकले होते. तेवढ्यापुरता तो फलक कलाकृती होता.

फरच्या टोळीत एक गंमत आहे. रेफर्डला दोन आर, पण ‘रेफरन्स’ला एक. शेपूट बदललं तसा जोर मागे सरकून पहिल्या भागावर गेला, मग डबल करायचं कारण संपलं. प्रेफरन्स, कॉन्फरन्स तसेच. पासवरच्या ‘नॉट ट्रान्सफरेबल’लाही एकच आर. ‘ऑकरन्स’मध्ये जोर हलत नाही, म्हणून तिथे दोन सी आणि दोन आर दोन्ही टिकतात.

एलचा तमाशा

एल हे अक्षर ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्यात भांडण लावतं. ब्रिटिश पद्धतीत जोर कुठेही असो, शेवटचा एल बहुतेक डबल होतो: ट्रॅव्हलर, कॅन्सल्ड, ज्वेलर. नोहा वेबस्टर यांनी १८२८च्या आपल्या अमेरिकन कोशात असे जादा एल छाटले. आपल्याकडे शाळा, सरकार, बाजार सगळीकडे ब्रिटिश चालतं, म्हणून मी दोनच ठेवते. एकदा एका सराफांचं प्रूफ पास झालं होतं, आणि रात्री त्यांच्या न्यू जर्सीतल्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बघून ‘मामा, एक एल जास्त आहे’ असं कळवलं. भाचा त्याच्या गावी बरोबर होता. मामांचं दुकान इथल्या पेठेत आहे. कॉम्प्युटरची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’वर ठेवली की हा घोळ निम्मा मिटतो. ‘कॅन्सलेशन’ला तर अमेरिकेतही दोनच एल असतात.

पण डबल करायचं ते पुढे स्वर असेल तरच. ‘ट्रॅव्हल्स’ला एक एल, त्याच बोर्डावर खाली ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ला दोन. इथे लोक अगदी उलट करतात.

‘वेलकम’ला एकच एल. हा शब्द वेल आणि कम जोडून झाला असं वाटतं, म्हणून लग्नाच्या कमानीवर दोन एल, नाहीतर मधे आडवी रेघ. जुन्या इंग्रजीत तो ‘विलकुमा’ होता, म्हणजे हवाहवासा पाहुणा. तिथे ‘वेल’ नव्हताच. वाढदिवसाच्या बॅनरवरचं ‘वंडरफुल’, ‘ब्यूटिफुल’ यांनाही शेवटी एकच एल. एकटा ‘फुल’ दोन एलचा, शेपूट झाला की एकाचा. ‘टिल’ दोनाचा, ‘अंटिल’ एकाचा.

उरलेले, न ऐकणारे

काही शब्दांना सांधा दिसत नाही, जोर कळत नाही, त्यांना मी खुणा बांधल्या आहेत. काउंटरच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, गिऱ्हाइकाला दिसत नाही.

अ‍ॅकोमोडेशन: दोन कॉट, दोन मच्छरदाण्या. तिथलंच ‘टॅरिफ’: एक रूम, दोन फॅन. टी, ए, आर, आय, डबल एफ. ‘नेसेसरी’: एक चहा, दोन समोसे, म्हणजे सी एक आणि एस दोन. ‘प्रोफेसर’: एक फी, दोन सर. ‘टुमॉरो’ला एम एक, आर दोन: उद्या मुंबईला दोन रिक्षांनी. ‘कमिटी’त सगळे जोडीनेच येतात, डबल एम, डबल टी, डबल ई, आणि काम एकही होत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आल्यापासून कार्यालयांना अंतर्गत समितीची माहिती भिंतीवर लावावी लागते. त्या फलकावर ‘हरॅसमेंट’ येतं: एक आर, दोन एस. ‘एम्बॅरस’ला दोन आर, दोन एस. खूण अशी: छळाला एक रिक्षा आणि दोन सवाऱ्या, ओशाळायला दोन रिक्षा आणि दोन सवाऱ्या. अर्थाशी काही संबंध नाही, पण डोक्यात राहतं. अशा फलकावर स्पेलिंग चुकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते प्रूफ मी स्वतः वाचते.

वाचते म्हणजे कसं, तेही सांगते. शब्द म्हणून वाचत नाही, कारण डोळा शब्द पूर्ण करून टाकतो. आमच्याकडचा मुलगा स्क्रीनवरून एकेक अक्षर म्हणतो, डबल असेल तिथे ‘डबल’ असं ठणकावून, आणि मी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर नाही तर डिक्शनरीत बोट ठेवून ऐकते. मग प्रूफचा फोटो गिऱ्हाइकाला जातो आणि त्यांचा ‘ओके’ आल्याशिवाय मशिन सुरू होत नाही. चिठ्ठीवरचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी फोन. ‘‘ताई, आमच्या पोराने बारावीला इंग्रजीत नव्वद काढलेत’’ असं ऐकावं लागतं, तरी फोन.

अण्णांना दुसरा फ्लेक्स अर्ध्या पैशात करून दिला. पहिला त्यांनी पावसाळ्यात लाकडांच्या ढिगावर टाकला, अक्षरं आतल्या बाजूला करून. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आता नाश्त्याचंही मेनूकार्ड हवंय म्हणाले.

‘‘आम्लेटला टी किती?’’

‘‘दोन. आणि शेवटी ई.’’

‘‘आणि एल?’’

‘‘एकच, अण्णा. एम पण एकच.’’

‘‘बरं झालं विचारलं,’’ ते म्हणाले, ‘‘मी या वेळी एम दोन घातले होते.’’